धुराचा पत्ता

आपल्या भाषेने धुराला मोठा मान दिला आहे. पूर्वजांच्या वैभवाचे वर्णन करायचे झाले की आपण म्हणतो, त्या काळी या देशात सोन्याचा धूर निघत होता. सोन्याची नाणी होती, सोन्याचे कळस होते, एवढ्याने आपले समाधान होत नाही. धूरच निघाला पाहिजे! खेड्यात संध्याकाळी एखाद्या घराच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, तर शेजारीण हळूच डोकावून विचारी, "काय गं, आज चूल नाही पेटली?" धूर दिसला म्हणजे घरात काहीतरी शिजते आहे, खाणारी तोंडे आहेत, खाऊ घालणारे हात आहेत, असा सरळ हिशेब होता. आमच्याकडे तर 'जालना, सोने का पालना' अशी म्हणच आहे. पाळणाही सोन्याचा आणि धूरही सोन्याचा!

अशा या धुराचे दिवस अलीकडे फिरले आहेत. त्याच्यावर संसदेत कायदे होतात, परदेशांत त्याच्यावरून सरकारे निवडून येतात आणि पडतात, आणि जगातले शहाणे लोक दरवर्षी कुठल्यातरी शहरात जमून पहाटेपर्यंत त्याच्यावर भांडतात. तुम्ही म्हणाल, गुरुजी, दिवाळीच्या अंकात चकलीचा खमंग वास सोडून हे धुराचे काय घेऊन बसलात? पण खरे सांगू का, धुराचा विषय निघाला की मला आमचे बदनापूरच आठवते. सबंध जगाचे हे भांडण मी पॅसेंजरच्या एका डब्यात, अर्ध्या तासाच्या आत, आरंभापासून शेवटपर्यंत ऐकले आहे.

आमचे बदनापूर हे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. सडकही इथून जाते आणि आगगाडीही. माझ्या लहानपणी ही गाडी मीटर गेजची होती आणि तिला कोळशाचे इंजिन असे. खिडकीत बसण्यासाठी आम्ही भावंडे भांडत असू, आणि आई प्रत्येकाला बजावी, "तोंड बाहेर काढू नका, डोळ्यांत कण जाईल." कण जायचाच. मग पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून डोळा शेकायचा, हा प्रवासातला एक विधीच होता. पुढे रुंद रूळ आले, डिझेलची इंजिने आली. कण गेले, पण काळा धूर राहिला. आता वर तारा आल्या आहेत. 2023 च्या डिसेंबरअखेर जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली तेव्हा ती आमच्या स्टेशनातून अशी सरकत गेली की, फलाटावरच्या कुत्र्यानेही मान वर केली नाही. धूर नाही, शिट्टीचा तो जुना आक्रोश नाही.

आमच्या स्वयंपाकघरातही तेच झाले. तुराट्या-पराट्या जाळून माझ्या आईचे डोळे कायमचे लाल झाले होते. सुनेच्या काळात शेगडीवर निळी ज्योत आली आणि भिंती पांढऱ्या राहू लागल्या. या बदलाला नावे ठेवणारा मनुष्य स्वतः कधी चुलीपुढे बसलेला नसावा, असे मी खुशाल समजतो.

पण मास्तरकी केलेल्या माणसाला एक खोड असते. वर्गातून पोरगा नाहीसा झाला की तो गेला कुठे, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. स्टेशनातला धूर गेला, तो गेला कुठे? शोध घ्यावा तर तो सापडतो परळीला, भुसावळला, कोराडीला, चंद्रपूरला. तिथल्या औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो, वीज होते आणि ती तारेवाटे आमच्याकडे येते. एकाच मोठ्या ठिकाणी नीट जाळलेला कोळसा इंजिनाच्या पोटात जाळलेल्या कोळशापेक्षा बरा, हे खरे. आता त्या तारेत सूर्याची आणि वाऱ्याची वीजही येऊन मिळते, हेही खरे. तरी धूर पुष्कळसा मेलेला नाही, त्याने फक्त पत्ता बदलला आहे. आणि धूर म्हणताना मला डोळ्यांत जाणारा काळा भाग अभिप्रेत नाही. त्याच्यासोबत जो न दिसणारा कर्बवायू जातो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरून तिची ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्याला ना रंग, ना वास. सरकारने नियम करायचा तो या अशा अदृश्य आसामीवर! म्हणून तर भांडण.

आता त्या डब्याकडे वळतो. जालन्याच्या वाचनालयात पुस्तक बदलण्यासाठी मी आठवड्यातून एकदा पॅसेंजरने जातो. डब्यातली मंडळी ठरलेली. एक भट्टीवाले मामा. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात ते पाळीवर देखरेख करतात. दुसरे जवळच्या खेड्यातले आबा, मोंढ्यात जाणारे. तिसरा अभियांत्रिकीच्या कॉलेजात शिकणारा एक पोरगा, ज्याच्या हातातला मोबाइल म्हणजे आमच्या डब्याचे वर्तमानपत्र.

एके दिवशी त्याने वाचून दाखवले की, 2025 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या धंद्यांतल्या पावणेतीनशेहून अधिक कारखान्यांना कर्बवायूच्या मर्यादा आखून दिल्या. मर्यादेच्या आत राहील त्याला टनामागे एक प्रमाणपत्र मिळायचे, ओलांडील त्याने ती प्रमाणपत्रे बाजारातून विकत घ्यायची. त्यासाठी 2022 साली ऊर्जा संवर्धनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ऑगस्टमध्ये लोकसभेने आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेने ती मंजूर केली. 2023 च्या जूनमध्ये बाजाराची योजना जाहीर झाली. लोखंड-पोलादही त्या योजनेच्या यादीत आहे, असे पोराने म्हणताच मामा सावरून बसले.

"गुरुजी, आमच्या भट्टीला धूर किती, या एकदा बघायला," ते म्हणाले. "भंगार टाकायचं, बटण दाबायचं, लोखंडाचं पाणी. कोळसा नाही, काही नाही. मग आमच्या मागं का लागावं सरकारनं?"

मामांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. जालन्याच्या सळया महाराष्ट्रभर घरांच्या स्लॅबमध्ये जातात, आणि त्या बहुतांशी भंगार वितळवून होतात. खाणीतल्या खनिजापासून, दगडी कोळशाच्या झोतभट्टीत पोलाद करण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ. आपल्या देशात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. भंगारवाला त्या मानाने पुण्यवान.

"पण मामा," पोरगा म्हणाला, "बटण दाबता तेव्हा वीज कुठून येते?"

एक टन भंगार वितळवायला 500-600 युनिट वीज लागते आणि आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कर्बवायू निघतो. म्हणजे भट्टीला धुराडे नसले तरी टनामागे 400 किलोच्या आसपास वायू परळी-चंद्रपूरच्या आकाशात मामांच्या नावाने चढतो. शिवाय भंगार पुरत नाही तेव्हा त्यात स्पंज आयर्न घालतात. ते पुष्कळदा कोळशावरच झालेले असते. त्याचा धूर आणखी तिसऱ्या गावी. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो मात्र मला अजून टोचतो. "बरं बाबा, माझ्या नावाचा मांड. पण मोठ्या कारखान्यात हिशेब लिहायला वेगळे साहेब असतात. आमच्याकडं मुनीम एक. तो बिलं करील का वायू मोजील? उद्या दंड बसला तर मालक पहिली काट कुठं मारतो, हे मला विचारा. रात्रपाळीची पोरं घरी बसतात."

एवढा वेळ आबा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "भट्टी तुमची, वीज तिसऱ्याची, आन् गारा पडायच्या त्या आमच्या रानात."

यावर डब्यात हशा पिकला, पण आबा हसले नाहीत. त्यांची मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, त्यांत तीही गेली. टँकरने पाणी घालून त्यांनी ती पुष्कळ दिवस तगवली होती. शेवटी झाडांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली. पुढच्या वर्षी, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, उभ्या गव्हा-हरभऱ्यावर गारपीट झाली. आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की, शेतातली मातीच वाहून गेली. अमुक एक गार अमुक एका धुराड्यातून आली, असे कुणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते, हे पक्के आहे. धरलेले ती केव्हातरी टाकणारच. आणि टाकते तेव्हा पंचांग पाहून टाकत नाही.

मजा अशी की त्या 2012-13 च्या दुष्काळाने परळीच्या केंद्रालाही सोडले नाही. 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. म्हणजे आबांची बाग आणि परळीची धुराडी एकाच तहानेने थांबली. कायद्याला जे जमले नव्हते ते आटलेल्या धरणाने केले. पण तो उपाय कुणाला हवा असेल?

घरी येऊन मी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या मंडळी लाडू वळत होत्या. त्यांनी विचारले, "मर्यादा म्हणजे कारखान्याने एकंदर इतकाच वायू सोडायचा, असे का?" मी म्हटले, नाही. आपल्या सरकारचे माप टनामागे आहे. एक टन माल काढताना किती सोडलात, एवढेच पाहायचे. यावर त्यांनी परातीकडे बोट दाखवले. "म्हणजे लाडवाला तूप किती, ते मोजायचे, लाडू किती केले ते नाही. दर लाडवाला तूप कमी केले आणि लाडू दुप्पट वळले, तर डबा रिकामाच होणार की!"

दिल्लीतल्या तज्ज्ञांचा वाद याहून फार निराळा नाही. भारताने 2022 साली जगाला दिलेला शब्दही असाच आहे: 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचा वायू 45 टक्क्यांनी उतरवायचा. एकंदर वायू शून्यावर आणायचा तो 2070 साली. तसे पंतप्रधानांनी 2021 मध्ये ग्लासगोला सांगितले. टीकाकार म्हणतात, लाडू मोजा. सरकार म्हणते, ज्यांच्या पोरांना अजून पुरते लाडू मिळालेले नाहीत त्यांनी ते आताच मोजायचे का? आणि या म्हणण्यात तथ्य आहे. एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे 2 टन कर्बवायू येतो, अमेरिकनाच्या वाट्याला 14 च्या घरात. 1992 च्या रिओच्या करारात म्हणूनच जबाबदारी सर्वांची पण प्रत्येकाची निराळी, असे तत्त्व लिहिले गेले.

त्याच्याही आधी, 1972 च्या जूनमध्ये, स्टॉकहोमला पर्यावरणाची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे गेलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी. गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा सोडवता येणार नाही, हे त्यांनी तिथे बजावले. त्याच साली आमच्याकडे तो दुष्काळ पडला, ज्याची साल सांगावी लागत नाही. 'बहात्तरचा' म्हटले की पुरते. एकीकडे परिषद, दुसरीकडे खडी फोडणारे हात. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला जगाला पुढे कित्येक वर्षे लागली.

श्रीमंतांच्या घरीही हे भांडण मिटले आहे असे नाही. कर्बवायू हे हवेचे प्रदूषण म्हणायचे की नाही, याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला: म्हणायचे. 2009 साली तिथल्या सरकारने तो वायू लोकांना अपायकारक असल्याचा निष्कर्ष काढला. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने नियम करण्याचे सरकारी खात्याचे हात आखूड केले, आणि 2025 मध्ये नव्या सरकारने तो 2009 चा निष्कर्षच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. ऑस्ट्रेलियाने 2012 च्या जुलैत कर्बावर कर बसवला आणि 2014 च्या जुलैत काढला. मध्ये निवडणूक झाली होती. युरोपाने निराळाच डाव टाकला: आपल्या कारखान्यांना जो भुर्दंड, तोच बाहेरून येणाऱ्या पोलादाला, सिमेंटला, ॲल्युमिनियमला. 2023 च्या ऑक्टोबरपासून हिशेब मागितला, 2026 च्या जानेवारीपासून त्याची किंमत लावायला आरंभ केला. मामांची सळई काही युरोपात जात नाही. पण आपल्या पोलाद मंत्रालयानेही 2024 च्या डिसेंबरात 'हरित पोलादा'ची व्याख्या केली आहे: टनामागे 2.2 टनांहून कमी वायू असेल तर तीन तारे, 2 च्या खाली चार, 1.6 च्याही खाली पाच. फ्रीजवर चिकटवतात तसेच हे तारे. भंगारवाल्या मामांना ते स्वस्तात मिळतील, असे मी त्यांना सांगितले तेव्हा प्रथमच त्यांनी सरकारविषयी दोन बरे शब्द काढले!

आबांना मात्र ताऱ्यांत गोडी नव्हती. त्यांना पैशाचा प्रश्न होता: हे जे वसूल होते ते जाते कुठे? यावर सांगण्यासारखी एक घरचीच गोष्ट आहे. 2010 साली आपल्या सरकारने कोळशावर टनाला 50 रुपये उपकर बसवला. त्यातून स्वच्छ ऊर्जेची कामे करायची होती. तो चढत चढत 2016 पर्यंत 400 रुपयांवर गेला. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर राज्यांची तूट भरून देण्याच्या खात्यात वळवला गेला. 2025 च्या सप्टेंबरात तोही उठला आणि कोळशावरचा कर 5 टक्क्यांचा 18 टक्के झाला. आबांनी हे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाले, "वर्गणी गणपतीची आन् मांडव लग्नाला." राज्यांची तूट हेही खरे कामच होते, लग्न काही वाईट नसते. पण ज्या नावाने मागितले त्या नावाने खर्च झाले नाही, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागणाऱ्या पोरांच्या तोंडावर लोक दार लावून घेतात.

हे सगळे ऐकून एखाद्याला वाटेल की बदनापूरने या भांडणात नुसते श्रोता व्हावे. मला तसे वाटत नाही. आमच्या गावी कडधान्यांवर काम करणारे कृषी संशोधन केंद्र आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. योगायोग पाहा, ते विद्यापीठही 1972 चेच. इथे निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नावात बदनापूरची खूण असते: बीडीएन 711 हे आता दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. पांढऱ्या दाण्याची ही तूर लवकर हाती येते, आणि जिथे पाऊस मध्येच पाठ फिरवतो तिथे लवकर येणे हाच मोठा गुण. मोसंबी तोडल्यावर आबांनी हीच तूर लावली. या तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. म्हणजे तेवढा युरिया वाचला. युरियाने जमिनीतून जो नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो वजनाला वजन धरले तर कर्बवायूच्या सुमारे 270 पट ऊब धरतो. आबांनी आपण होऊन, कुठलाही कायदा न वाचता, मोठाच वायू रोखून धरला. त्याचे प्रमाणपत्र त्यांना कुणी दिलेले नाही. राहिल्या तुराट्या. 2021 साली ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर काही हिस्सा शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्यांचा जाळावा, असे धोरण आखले. ज्या तुराट्यांनी माझ्या आईचे डोळे लाल केले, त्यांना परळीच्या भट्टीत कोळशाची जागा घेता येईल. त्या बांधावर पेटवायच्या की विकायच्या, हे भाव ठरवील. आणि भाव बऱ्याच अंशी कायदा ठरवील.

म्हणून मला वाटते, या विषयात सरकारने हात घालू नये असे म्हणणारे आणि सरकारने हात घातला की सारे झाले असे म्हणणारे, दोघेही धुराचा स्वभाव विसरतात. धूर हा मुळातच सरकणारा प्राणी आहे. फलाटावरून हाकलला तर परळीला जातो, युरोपातून हाकलला तर आशियात येतो, खातेवहीत एका रकान्यातून हाकलला तर दुसऱ्यात जाऊन बसतो. एकट्या मामांनी, एकट्या आबांनी किंवा एकट्या माझ्या घरच्या निळ्या ज्योतीने त्याला पकडता येत नाही. त्याचा पत्ता लिहून ठेवणारा कुणीतरी सर्वांचा माणूस लागतो, आणि आपल्या व्यवहारात असा माणूस म्हणजे सरकार. पण पत्ता लिहिताना लेखणी खरी असली पाहिजे. बड्या धुराड्याचा पत्ता आधी लिहावा, मुनीम एकटा असलेल्या कारखान्याला शिकायला अवधी आणि मदत द्यावी, वसूल केलेला पैसा ज्या नावाने घेतला त्याच कामी लावावा, आणि ज्याच्याकडे धुराडेच नाही, फक्त शेत आहे, त्याला हिशेबाच्या वहीत निदान एक पान द्यावे. लाडवामागचे तूप मोजणे ही सुरुवात म्हणून ठीक आहे. एक दिवस डबाही उघडून पाहावा लागेल.

दिवाळीत घरोघर पणत्या लागतील. पणतीसुद्धा धूर सोडतेच, तिच्या वरच्या कोनाड्यात काळी रेघ उमटते. आमच्या आया-आज्या त्या ज्योतीवर तांब्याची ताटली धरीत, जमलेली काजळी तुपात खलीत आणि तान्ह्याच्या डोळ्यांत घालीत. त्यांनी दिवा विझवला नाही आणि धुराकडे डोळेझाकही केली नाही. ताटली धरायला हात थोडा भाजतो, एवढेच.